पकड चकची की लाकडाची?

लखनऊच्या मानक नगरात रेल्वेच्या 'आरडीएसओ' या संस्थेचे मुख्यालय आहे. १९३० साली स्थापन झालेले सेंट्रल स्टँडर्ड्स ऑफिस आणि १९५२ सालचे रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन १९५७ मध्ये ही संस्था उभी राहिली. रुळावरून धावणाऱ्या चाकाच्या कडेचा आकार कसा असावा, तो किती झिजला की चाक पुन्हा कातायला घ्यावे, अशा गोष्टी इथे कागदावर ठरतात. प्रत्यक्षात त्या उतरतात लेथवर. लखनऊमध्येच आलमबागच्या डब्यांच्या कारखान्यात, आपल्याकडे माटुंग्याला. चाकांची जोडी आसासकट लेथवर चढते, तेव्हा आसाच्या दोन्ही टोकांना मधोमध पाडलेली शंकूसारखी लहान भोके कामाला येतात. आस पहिल्यांदा कातताना ही भोके पाडतात आणि तो मोडीत निघेपर्यंत जपतात. गाडी लाखो किलोमीटर धावली, चाकाची कड झिजली, तरी चाक पुन्हा त्याच दोन भोकांच्या आधाराने फिरवता येते, कारण आसाचा खरा मध्य कुठे आहे हे यंत्राला तीच भोके सांगतात. म्हणजे टनभर वजनाच्या पोलादी चाकांच्या बाबतीतही जॉब, म्हणजे कातायची वस्तू, धरण्याचे काम एकटा लेथ करत नाही. धरायची जागा जॉबमध्ये आधीच घडवून ठेवलेली असते.

लाकूड कातणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट मनाशी पक्की करायला हवी, असे माझे म्हणणे आहे. अलीकडे हौसेने लाकूड कातणारे वाढले आहेत. टेबलावर मावणारे छोटे लेथ घरपोच मिळतात आणि त्यासोबत लाकूड धरायला चार जबड्यांचा चकही येतो. चावी फिरवली की चारही जबडे एकदम आत येतात, लाकूड आवळले जाते आणि पाहणाऱ्याला वाटते, झाले, आता हे कशाला सुटते. हा विश्वास चुकीच्या जागी ठेवलेला असतो. लाकूड सुरक्षित राहते ते चकच्या ताकदीवर नव्हे, तर त्या लाकडाला दिलेल्या आकारावर. चकच्या जबड्यांना बसेल असे कुसू, म्हणजे आखूड गोल खुंटासारखे टोक, लाकडावर नीट काढलेले असेल तर बेताचा दाबही पुरतो. ते काढलेले नसेल तर मनगटाचा सगळा जोर लावूनही भागत नाही.

आधी धोका किती मोठा आहे ते पाहू. २५० मिलिमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे १३ मीटर, म्हणजे ताशी ४७ किलोमीटरच्या वेगाने जात असते. रस्त्यावरच्या स्कूटरचा हा वेग, आणि कातणाऱ्याचा चेहरा त्या कडेपासून हातभर अंतरावर. फेऱ्या दुप्पट केल्या तर वेग दुप्पट होतो, पण लाकडात साठलेली ऊर्जा चौपट होते. त्यात सुरुवातीला लाकूड गोल नसते. मध्यापासून १२० मिलिमीटरवर एका बाजूला फक्त ५० ग्रॅमची साल किंवा गाठ जास्त असेल, तर १००० फेऱ्यांना ती जवळजवळ ७ किलो वजनाइतक्या ओढीने लाकूड बाहेर खेचते, आणि २००० फेऱ्यांना २७ किलोइतक्या. ही ओढ एका दिशेला टिकून राहत नाही. प्रत्येक फेरीत ती चारही बाजूंना फिरते, म्हणजे सेकंदाला सोळा ते तेहतीस वेळा कुणीतरी लाकूड हलवून पाहावे तशी. बसवण्यात जिथे थोडी फट असेल, ती या हलवण्याने मोठी होत जाते.

आपल्याकडच्या जुन्या कातकामात हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. कातारी दोरीने किंवा कमानीने चरक फिरवत. लाकूड दोन टोकांना दोन अणकुचीदार सेंटरांमध्ये अडकवलेले, त्यालाच दोरीचा वेढा, एक माणूस दोरी ओढणार आणि दुसरा हत्यार धरणार. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे, आणि कापणे व्हायचे ते पुढच्या फेऱ्यात. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणी, रव्या ही सगळी लांबट कामे अशीच होत आणि आजही दोन सेंटरांमध्येच होतात. लाकूड दोन्हीकडून धरलेले असल्याने ते निसटून जाणे अवघड. फार तर सेंटरचे टोक लाकडात भोक रुंदावत जाते आणि लाकूड डळमळू लागते. मागचे सेंटर थोडे पुढे सरकवले की ते थांबते. खरी अडचण येते ती पोकळ कामात. वाटी, डबी, भातुकलीतला तांब्या, यांच्या पोटात हत्यार घालायचे तर एक टोक मोकळे हवे. दुसऱ्या टोकावरचा आधार काढला की सगळा भार एकाच बाजूच्या पकडीवर येतो, आणि चकची गोष्ट इथून सुरू होते.

सावंतवाडीची लाकडी भातुकली, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी, बनारसची लाखेची खेळणी, या कामांत एका टोकाने धरण्याची एक साधी युक्ती रुळलेली आहे. लेथच्या फिरत्या टोकाला एक पोकळ पेला असतो. लाकडाचे टोक किंचित निमुळते करून त्यात बसवायचे आणि वर दोन-चार घाव घालून ठोकायचे. ना स्क्रू, ना जबडे. फक्त लाकडाच्या अंगाचे पेल्याच्या अंगाशी झालेले घर्षण. मग एकामागून एक वस्तू त्याच तुकड्यावर कातून, लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवून, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवून, केवड्याच्या जातीच्या पानाने चकाकी देऊन, शेवटी वस्तू तोडून घ्यायची. लाकूडही विचारपूर्वक निवडलेले असते. चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या जातीचे पांढुरके, बारीक पोताचे लाकूड वापरतात. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरले जाई. पांगारा इतका मऊ की नखानेही दबावा. असे लाकूड पोलादी जबड्यांत आवळले तर ते चेपेल, पण पेल्यात सर्व बाजूंनी सारखे टेकलेले असल्याने ते तग धरते.

चक आला तो लोखंडाच्या कामातून. अमेरिकेत सायमन फेअरमन याने १८४० मध्ये लेथच्या चकचे पेटंट घेतले आणि पुढे सर्व जबडे एकाच वेळी मध्याकडे सरकवणारी, आत सर्पिलाकार आटे असलेली तबकडी सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडच्या आयटीआयमधून बाहेर पडणारा टर्नर तीन जबड्यांच्या चकवर हात बसवतो. लोखंडाची गोल सळई तीन बिंदूंवर आवळली तरी पुरते, कारण लोखंड सर्व दिशांना सारखे कठीण असते, ते दबत नाही आणि हवामानाने आकार बदलत नाही. लाकडाच्या चकला चार जबडे असतात आणि प्रत्येक जबड्याचे तोंड वर्तुळाच्या चौथ्या हिश्शाइतके रुंद असते, त्याचे कारण लाकूड यातल्या एकाही अटीत बसत नाही. दाब शक्य तितक्या मोठ्या पृष्ठभागावर पसरावा लागतो. जुन्या बाजारातून आणलेल्या लोखंडी लेथवर त्याच तीन जबड्यांच्या चकने लाकूड धरणारे बरेच असतात. त्यांचे काम छोट्या वस्तूंवर निभावतेही. मात्र त्या चकचे जबडे बाहेर डोकावणारे आणि धारदार कोपऱ्यांचे असतात, आणि फिरताना डोळ्यांना त्यांचा फक्त धूसर पट्टा दिसतो. बोटांची सालटी तिथेच निघतात.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. चार जबड्यांच्या चकसाठी लाकडाच्या एका तोंडावर गोल कुसू काढतात. सुतार चौकट जोडताना जे कुसू करतो त्याचाच हा गोल भाऊ. या कुसवाबद्दल चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, त्याचा व्यास. कंपनीने जबडे कातताना ते पूर्ण वर्तुळ एकाच मापाला तयार केलेले असते, साधारणपणे जबडे किंचित उघडे असतानाच्या मापाला. कुसू त्या मापाच्या जवळ असेल तर प्रत्येक जबडा आपल्या पूर्ण रुंदीने टेकतो. कुसू त्याहून बरेच मोठे असेल तर जबड्यांचे फक्त कोपरे लाकडात रुततात, म्हणजे चार रुंद मिठ्यांऐवजी आठ टोचण्या. बरेच लहान असेल तर फक्त जबड्यांचा मधला भाग टेकतो. दुसरी गोष्ट बाजूच्या उताराची. बहुतेक जबडे आतून किंचित उताराचे असतात, पारव्याच्या शेपटीसारखे, टोकाकडे रुंद. कुसूही तसेच उताराचे, टोकाशी रुंद आणि बुडाशी अरुंद केले, तर जबडे आवळताना लाकूड आपोआप चकच्या दिशेने ओढले जाते. उताराचा कोन प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तेव्हा तो आपल्या जबड्यांवरून उचलून घ्यावा, दुसऱ्याच्या चकवरून नव्हे.

तिसरी गोष्ट लांबीची आहे, आणि ती नवशिक्याच्या समजुतीच्या अगदी उलटी आहे. कुसू जितके लांब तितके भक्कम असे वाटते. पण ते चकच्या तळाला टेकले तर जबड्यांचा आवळ लाकूड आत ओढू शकत नाही; लाकूड त्या लांब खुंटावर उभे राहते आणि डुलते. म्हणून कुसू जबड्यांच्या खोलीपेक्षा थोडे आखूडच ठेवायचे. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या जबड्यांना ८-१० मिलिमीटर लांबीही चालते. चौथी गोष्ट, माझ्या मते सर्वांत मोलाची: कुसवाच्या बुडाशी लाकडाचा सपाट खांदा, जो जबड्यांच्या पुढच्या तोंडावर बिनफटीचा टेकला पाहिजे. कुसवाचा कोपरा आतून स्वच्छ खणलेला नसेल, तिथे तंतूंचा एखादा गोलसर ढिगारा राहिला असेल, तर खांदा टेकत नाही आणि बाहेरून पाहताना ते लक्षातही येत नाही.

खांद्याचे महत्त्व आकड्यांत पाहिले की शंका उरत नाही. समजा, चकपासून २० सेंटीमीटर पुढे आलेले भांडे कातताना हत्याराचा दाब १० किलोचा पडला. तो लाकूड चकमधून उपटू पाहतो. खांदा टेकलेला नसेल, तर त्या उपटण्याला विरोध करायला फक्त ५ सेंटीमीटर व्यासाचे कुसू उरते, आणि त्याच्या कडेवर ४० किलोइतका भार येतो. खांदा ९ सेंटीमीटर व्यासावर टेकलेला असेल तर तोच भार २२ किलोवर उतरतो, शिवाय तो दाबाच्या रूपात लाकडाच्या मोठ्या क्षेत्रावर पसरतो. हा हिशेब हत्यार शांतपणे चालताना आहे. हत्यार अचानक लाकडात घुसले, तर भार क्षणभर याच्या कित्येक पट होतो. भांडे जसे लांब होत जाते तसा कुसवाचा व्यास वाढवायला हवा, ही गोष्ट या हिशेबातूनच निघते. रुंद पण उथळ वाडग्यासाठी व्यासाच्या तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत कुसू ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्याला आधार हाच. खांदा टेकण्याचा नियम फक्त लाकडापुरता नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. चक ज्या आट्यांवर चढतो, त्या आट्यांच्या मुळाशीही एक सपाट खांदा असतो, आणि चकची पाठ त्यावर पूर्ण टेकलेली नसेल तर पुढची सगळी मेहनत वाकड्या पायावर उभी राहते. तिथे अडकलेला भुशाचा एक कणही पुरतो.

कुसू काढण्याऐवजी उलटेही करता येते. लाकडाच्या तळाला उथळ गोल खळगा करायचा आणि जबडे त्यात घालून बाहेरच्या दिशेने फाकवायचे. उंची वाया जात नाही, तळ नेटका दिसतो, म्हणून बशीसारख्या कामात ही पद्धत आवडीची आहे. पण इथे जबडे लाकडाला फाडण्याच्या दिशेने काम करतात. खळग्याभोवती दोन-अडीच सेंटीमीटर जाड, निर्दोष लाकूड हवे, आणि खोली चार-पाच मिलिमीटर पुरते. ज्या लाकडाचे तंतू लेथच्या आसाला समांतर आहेत, म्हणजे ओंडक्याच्या कापल्या तोंडाकडून जे धरले आहे, त्यात फाकणारे जबडे वापरूच नयेत. सरपण फोडताना कुऱ्हाड जे करते, तेच ते जबडे तिथे करतात.

तंतूंची दिशा हा विषय इतका महत्त्वाचा आहे की चकच्या सूचनापत्रकात तो दोन ओळींत का आटोपतात कळत नाही. फळीतून कापलेल्या वाडग्याच्या तुकड्यात तंतू आडवे असतात. त्याच्या कुसवाला चार जबडे लागतात तेव्हा समोरासमोरचे दोन तंतूंच्या टोकांवर दाबतात आणि दोन त्यांच्या पाठीवर. टोकावर लाकूड कित्येक पट जास्त भार सोसते. पाठीवर ते चेपत जाते. पहिल्या आवळीनंतर काही मिनिटांत पकड ढिली वाटते ती यामुळे. चक सैल झालेला नसतो, लाकूड दबलेले असते. म्हणून थोडे कातल्यावर यंत्र पूर्ण थांबवून चावी पुन्हा एकदा लावायची असते. खुंटा हलवून बळकट केल्याशिवाय पुढचे जोरकस काम सुरू करू नये. पण 'पुन्हा लावणे' म्हणजे चावीवर पाइप घालून जोर करणे नव्हे. तसे केले की पाठीकडचे तंतू कायमचे चिरडतात आणि पुढच्या वेळी तिथे टेकायला काही शिल्लक राहत नाही.

ओले लाकूड हा याच प्रकरणाचा दुसरा भाग. सागवान हे तसे स्थिर लाकूड मानले जाते. तरीही पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने २.५ टक्के आकसते. तंतूंच्या लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. ओल्या सागात ६० मिलिमीटरचे बिनचूक गोल कुसू काढून तुकडा वाळवायला ठेवला, तर घरातल्या हवेत वाळेपर्यंत ते एका अंगाने सुमारे दोन मिलिमीटर कमी होऊ शकते आणि दुसऱ्या अंगाने तसेच राहते. गोल जबड्यांत हे लंबगोल कुसू दोनच ठिकाणी टेकते. म्हणून ओला वाडगा ढोबळ कातून वाळवणारे कारागीर कुसू मुद्दाम मोठे ठेवतात आणि वाळल्यावर ते पुन्हा गोल करूनच चकमध्ये धरतात. आपल्या पावसाळ्यात तर वाळलेले लाकूडही थोडे फुगते. कोकणातल्या कारागिराला हे सांगायची गरज नाही. पुण्यात वाळवलेला तुकडा जुलैत सिंधुदुर्गात नेणाऱ्याने मात्र ध्यानात घ्यावे. शिवाय कुसवाच्या मध्यातून झाडाचा गाभा जाता कामा नये. गाभ्यापासून चिरा फुटतात, आणि त्या नेमक्या जबड्यांच्या दाबाखाली उघडतात.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर अनुभवी माणसे जे आक्षेप घेतात ते हलके नाहीत. एक म्हणजे, पेल्यात ठोकून बसवणारा कारागीर आयुष्यभर हे माप-कोन काही न बघता काम करतो, मग हा सगळा शास्त्रार्थ कशाला? पण त्याचे काम बारकाईने पाहिले तर तो हेच करत असतो. त्याचा तुकडा बहुधा मनगटाएवढा, वाळलेला, बारीक पोताचा असतो. पेल्याबाहेर तो फार पुढे येत नाही. आणि ठोकण्यापूर्वी तो टोकाचा निमुळतेपणा पेल्याशी जुळवून घेतो. घावाच्या आवाजावरून तुकडा तळाला लागला की नुसताच अडकला, हे त्याला कळते. त्याच्या कुशलतेचा बराचसा भाग या जुळवणीत आहे, आणि ती यंत्राबरोबर विकत मिळत नाही. तीच पद्धत एक फूट व्यासाच्या आंब्याच्या ठोकळ्याला लावायची तर तोही नकार देईल.

दुसरा आक्षेप टर्नरचा: फेसप्लेटवर, म्हणजे लेथला बसणाऱ्या भोकांच्या सपाट तबकडीवर, चार-सहा स्क्रू मारले की चकची कटकट नको. जड, ओबडधोबड, सालीसकट ठोकळ्यासाठी हे मला पूर्ण मान्य आहे. फेसप्लेट हीच तिथे योग्य. तिथेही प्रश्न आकाराचाच असतो, कारण स्क्रू लाकडात शिरतात ती जागा सपाट आणि निरोगी हवी, आणि स्क्रू तंतूंच्या आडव्या अंगात घट्ट बसतात तसे कापलेल्या टोकात बसत नाहीत. जिप्समच्या बोर्डांना मारायचे काळे, ठिसूळ स्क्रू इथे वापरले तर धक्क्याने त्यांची डोकी उडतात. फेसप्लेट म्हणजे चकची सुटका नव्हे. बाहेरची बाजू फेसप्लेटवर कातताना तळाला कुसू काढून घ्यायचे आणि मग ठोकळा उलटा करून ते कुसू चकमध्ये धरायचे, ही जोडपद्धत जगभर चालते, आणि तीत चकला मिळणारे लाकूड आधीच गोल, समतोल झालेले असते.

आणखी एक आक्षेप असा की टेलस्टॉक, म्हणजे मागच्या सेंटरचा आधार, कायम लावून ठेवला तर पकडीची एवढी चिंता करावीच का लागेल? खरे आहे, आणि जोपर्यंत शक्य आहे तोपर्यंत तो लावलेलाच असावा. बाहेरून कातताना, ठोकळा गोल करताना, अगदी पोकळ करण्याची सुरुवात करतानाही मध्यात एक खुंट ठेवून टेलस्टॉकचा टेकू घेता येतो. पण आतला तळ गाठायचा झाला की तो काढावाच लागतो. त्या वेळी भांड्याच्या भिंती पातळ झालेल्या असतात, हत्यार लांब आत गेलेले असते आणि पकडीवरचा ताण सर्वांत जास्त असतो. टेकू नसताना पकड कामाला येणार आहे, हे धरूनच कुसू काढायचे.

नेहमीच्या सावधगिरीचे म्हणाल तर सैल बाह्या, ओढणी, हातमोजे फिरत्या लाकडाजवळ नकोत, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी, यंत्र सुरू करताना लाकडाच्या रेषेतून बाजूला उभे राहावे, पहिला वेग कमीत कमी असावा, आणि चावी चकमध्ये विसरलेली नाही हे हाताने लाकूड एकदा पूर्ण फिरवून पाहावे. यातले काही नवीन नाही आणि यावर कुणाचे दुमतही नाही. फक्त यातले काहीही पकडीची जागा घेत नाही हे विसरू नये. ढाल डोळे वाचवते, लाकूड धरून ठेवत नाही. जबडे चकच्या अंगाबाहेर फार काढणे मात्र थेट पकडीशी संबंधित आहे. आतल्या तबकडीचे आटे जबड्याच्या फार थोड्या दातांत उरतात आणि भार आला की तेवढेच दात तुटतात. कुसू मोठे झाले म्हणून जबडे ओढत न्यायचे नाहीत. जबडे मोठे बसवायचे किंवा कुसू लहान करायचे.

राहिला लाकूड वाया जाण्याचा आक्षेप, आणि सागाचे व शिसवीचे भाव पाहता तो सहजासहजी उडवून लावता येत नाही. एक सेंटीमीटर उंचीचे कुसू म्हणजे तेवढा वाडगा कमी. यावर दोन व्यवहारी तोडगे आहेत. स्वस्त, कोरड्या, निर्दोष लाकडाची चकती तळाला चांगल्या सरसाने चिकटवून, ती पूर्ण वाळल्यावर कुसू त्या चकतीत काढायचे. महागडे लाकूड पुरे वापरले जाते. यात दोन्ही पृष्ठभाग खरोखर सपाट हवेत, आणि ओल्या लाकडावर हा उपाय चालत नाही. दुसरा तोडगा कुसू कापूनच न टाकण्याचा. आतले काम संपल्यावर वाडगा उलटा करून, त्याचे तोंड एका लाकडी तबकडीवर टेकवून, मध्ये मऊ कापड घालून, टेलस्टॉकचा टेकू कुसवाच्या मध्यावर द्यायचा. जबड्यांचे वळ पुसले जातील इतकेच हलके कातायचे, कोपऱ्याला थोडी गोलाई द्यायची आणि मधोमध जरासे खोल घ्यायचे, म्हणजे वाडगा डुगडुगत नाही. मग तेच कुसू वाडग्याची बैठक होते. टेकूखाली उरलेले बोटभर टोक यंत्र थांबवून पटाशीने तोडले आणि तिथे पॉलिश-कागद फिरवला की काम झाले.